शिंपल्यांचा किल्ला आणि त्याला न मानवलेलं पाणी

फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनला जाऊन आले आणि तेव्हापासून डोक्यात तिथल्या किल्ल्याचा दगडच घोळतोय. किल्ल्याचं नाव कास्टियो दे सान मार्कोस, स्पॅनिश लोकांनी बांधलेला, काम १६७२ ला सुरू झालं ते १६९५ ला पुरं झालं. लांबून बघितलं तर चार बुरुजांचा, करड्या रंगाचा साधा कोट वाटतो, पण भिंतीला नाक लावून बघा, दगड दिसतच नाही, नुसते शिंपले! नखाएवढ्या तिसऱ्या, काही अख्ख्या, बाकीचा चुरा, सगळं एकमेकांना चिकटून बसलेलं आणि मध्ये भोकंच भोकं. याला कोकिना म्हणतात.

शहर १५६५ पासूनचं आहे. पहिली शंभर वर्षं लाकडी किल्ल्यांवर काढली, एक कुजला, जळला की दुसरा, असे नऊ झाले. मग १६६८ ला रॉबर्ट सर्ल नावाच्या इंग्रज चाच्याने रात्रीतून येऊन शहर लुटलं, माणसं मारली, आणि तेव्हा कुठे स्पेनच्या दरबाराने दगडी किल्ल्यासाठी पैसे सोडले. इंजिनियर इग्नासिओ दासा हवानाहून आला, पाथरवटही क्यूबाचे. दगड समोरच्या अनास्तासिया बेटावरचा, तो काढायचा, बैलगाडीने किनाऱ्यावर आणायचा, तराफ्यावरून इकडे आणायचा, आणि ही उस्तवार केली कोणी तर तिमुक्वा, ग्वाले, आपालाची या तिथल्याच लोकांनी आणि गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन माणसांनी. किल्ला बघताना हे लक्षात ठेवलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

कोकिना खाणीतून निघतो तेव्हा ओला आणि मऊ असतो, उघड्यावर वाळवला की घट्ट होतो. चुनाही तिथलाच, कालवांचे शिंपले भट्टीत भाजून केलेला. म्हणजे दगड शिंपल्यांचा, आणि तो जोडणारा चुनाही शिंपल्यांचाच.

असल्या ठिसूळ दगडाचा तोफेपुढे काय टिकाव लागणार असं कोणालाही वाटेल. पण १७०२ ला इंग्रजांच्या कॅरोलायना वसाहतीचा गव्हर्नर जेम्स मूर चालून आला, शहरातली साधारण दीड हजार माणसं जवळजवळ पन्नास दिवस किल्ल्यात कोंडून बसली, आणि तोफगोळे आले ते भिंतीत रुतून बसले. कडक दगड असता तर तडकला असता, कोकिना मात्र आतल्या आत दबतो, भोकं चेपतात आणि गोळ्याचा जोर तिथेच जिरतो. जाताना मूरने चिडून शहर जाळलं, किल्ला जसाच्या तसा राहिला. १७४० ला इंग्रजांच्या जॉर्जिया वसाहतीच्या जेम्स ऑगलथॉर्पने पुन्हा वेढा घातला, त्यालाही तो मिळाला नाही.

आता खरी गोष्ट दुरुस्तीची. जी भोकं तोफगोळे जिरवतात तीच पाणीही पितात, आणि समुद्राकाठचं पाणी म्हणजे मीठ आलंच. पाणी वाळतं, मीठ आत राहतं, त्याचे खडे होतात आणि दगडाचा कण कण सुटतो. म्हणून तर सुरुवातीला भिंतींना चुन्याचा पांढरा गिलावा होता, टेहळणीच्या बुरज्या लाल होत्या. तो गिलावा थोड्या ठिकाणी शिल्लक आहे, बाकी गेला. आपण फोटोत बघतो तो करडा किल्ला म्हणजे अंगावरचं कातडं गेलेला किल्ला आहे हो. अशा भिंतीच्या सांध्यात सिमेंट भरलं तर सिमेंट दगडापेक्षा टणक, ते श्वास घेऊ देत नाही, ओल दगडातून बाहेर पडायला बघते आणि सिमेंट तसंच राहून आजूबाजूचा दगड झडतो. चुना स्वतः झिजतो आणि दगड वाचवतो, म्हणून दुरुस्तीला चुनाच लागतो, मग तो दर काही वर्षांनी परत भरावा लागला तरी चालेल.

खंदकाचं ऐकून तर मला फार वाईट वाटलं. स्पॅनिश लोकांनी तो कोरडा ठेवला होता, वेढ्याच्या वेळी त्यात गुरं ठेवायचे. विसाव्या शतकात त्यात पाणी भरलं, किल्ला म्हणजे पाण्याचा खंदक हवाच असं लोकांच्या मनात असतं ना. त्या पाण्याने पाया खायला सुरुवात केली, शेवटी १९९६ ला ते काढून टाकलं. आता तिथे गवत आहे.

आतल्या खोल्याही नीट बघा. १८७५ ला अमेरिकन सरकारने शायान, कायोवा, कोमँची अशा मूळ अमेरिकन जमातींच्या सत्तरच्या वर माणसांना मैदानी प्रदेशातून इतक्या लांब आणून इथे कैदेत ठेवलं, तेव्हा याचं नाव फोर्ट मॅरियन होतं. त्यांच्यातल्या काहींनी हिशेबाच्या वह्यांमध्ये घोडे, शिकारी, घरची माणसं काढली, ती चित्रं आज म्युझियममध्ये आहेत. त्या खोल्यांच्या भिंती पडू नयेत असं मला तोफांच्या गोष्टींपेक्षाही जास्त वाटतं.

निघताना भिंतीवर हात ठेवला, उचलला तर तळव्याला बारीक शिंपल्यांची कणी चिकटलेली. हात झटकायला जीव होईना, भिंतीच्या पायथ्याशीच वाकून ती कणी खाली ठेवली.