पासवर्ड चुकीचा, तरी लॉगिन सक्सेस!

महापेच्या आमच्या ऑफिसात विंडोजची एक सर्व्हिस, म्हणजे मागे आपोआप चालणारा प्रोग्राम, रोज रात्री दुसऱ्या सर्व्हरवरच्या शेअरमधून (नेटवर्कवर उघडून दिलेल्या फोल्डरमधून) पगाराच्या फायली वाचते, आणि तो सर्व्हर आमच्या डोमेनमध्ये (एकाच यादीतली अकाउंट मानणाऱ्या मशीनच्या गटात) नाही, म्हणजे सर्व्हिस ज्या अकाउंटवर चालते त्याला तिकडे कोणी ओळखतच नाही. त्यांनी फक्त वाचण्यापुरता एक वेगळा युजर दिलाय. टीममधल्या नव्या पोराने सरळ त्या शेअरला झेड ड्राइव्ह म्हणून मॅप केलं, त्याच्या मशीनवर मस्त चाललं, सर्व्हिस म्हणून टाकलं तर पाथच सापडेना. सापडणार कसा, मॅप केलेला ड्राइव्ह त्या लॉगिनपुरताच असतो, सर्व्हिसचं लॉगिन वेगळं. सर्व्हरच्या नावासकट पूर्ण पाथ द्यायचा.

मग एकाचं म्हणणं, सर्व्हिस अ‍ॅडमिन अकाउंटवरच चालवू ना. अरे पण आपला अ‍ॅडमिन तिकडे कोण लागतो?

तर उरलं इम्पर्सोनेशन, म्हणजे कोडने तेवढ्यापुरतं दुसऱ्या युजरचं सोंग घेणं. विंडोजच्या लॉगऑन-युजर या फंक्शनला युजर, डोमेन, पासवर्ड आणि लॉगऑन टाइप (लॉगिन कुठल्या प्रकारचं, त्याचा नंबर) द्यायचा, मिळालेलं टोकन, म्हणजे त्या युजरचा पास, डॉटनेटच्या रन-इम्पर्सोनेटेडला द्यायचं आणि फाइल त्याच्या आतच उघडायची. सगळी गोम त्या टाइपमध्ये आहे. टाइप 2 दिलात तर विंडोज त्या युजरची खात्री इथेच करायला बघतं, तो इथला नाहीच, मग 1326 एरर, म्हणजे युजर किंवा पासवर्ड चुकीचा. टाइप 9 ला मशीनवर तुम्ही आहात तेच राहता, फक्त नेटवर्कवर जाताना दुसऱ्याचं ओळखपत्र दाखवता. पण गंमत म्हणजे टाइप 9 पासवर्ड तपासतच नाही! काहीपण टाका, टोकन मिळतं, आपल्या लॉगमध्ये ऐटीत "लॉगिन सक्सेस" छापून येतं आणि खरा एरर येतो फाइल उघडताना. पोरगा अख्खी दुपार परमिशनच बघत बसलेला, पासवर्डमध्ये शेवटी एक स्पेस होती. मी म्हटलं ती लॉगची ओळच उडव, फाइल उघडल्यावर काय ते छाप.

आणि अ‍ॅक्सेस डिनाइड म्हणजे एरर 5 आला तर शेअरची परमिशन आणि फोल्डरची परमिशन दोन्ही बघा, नेटवर्कवरून येताना दोन्ही लागतात आणि जी जास्त कडक तीच चालते. शेअरवाले लोक बहुतेक वेळा एकच देऊन "झालंय, बघा" असा मेल टाकतात.

डोमेन एकच असतं तर यातलं काहीच केलं नसतं, ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट (ज्याचा पासवर्ड डोमेनच सांभाळतं असं अकाउंट) घेऊन त्यालाच वाचायची परमिशन द्यायची, पासवर्ड विंडोज स्वतःच, बाय डिफॉल्ट दर 30 दिवसांनी, बदलतं, कोडमध्ये एक ओळ नाही.