गोठा आवरल्यानंतर

आपल्या शाळेत नाताळ २५ डिसेंबरला संपत नसे. सुट्टीनंतर शाळा उघडायची तेव्हा येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा तसाच मांडलेला असे आणि बाळाच्या भेटीला निघालेल्या तीन राजांच्या मूर्ती अजून वाटेतच असत. प्रार्थना झाली की सिस्टर एखाद्या मुलीला बोलावून त्यांना थोडं पुढे सरकवायला लावत. ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, ते सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन बाळ येशूजवळ पोचत. चर्चच्या पंचांगात नाताळचा काळ त्याच्याही पुढे, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो, हे मला, माळकरी घरातल्या मुलीला, तिथेच कळलं.

राजे परतल्यानंतरची गोष्ट सिस्टर फार जीव ओतून सांगत. हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठला, म्हणून योसेफ आणि मरिया त्याला घेऊन रातोरात मिसर देशाकडे निघाले. सिस्टर विचारत, “वाटेत त्यांना भाकर कुणी दिली असेल? शास्त्रात त्याचं नाव नाही. ते माणूस तुम्ही व्हा.”

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, त्यांत माझे वडीलही होते. भायखळा, चिंचपोकळी, लालबागच्या चाळींतून येणाऱ्या आम्ही कितीतरी मुली पुढचा नाताळ आला तरी मधल्या सुट्टीत नळावर पाणी पिऊन वर्गात येत होतो. जानेवारी १९८३मध्ये गोठा आवरला आणि त्या जागी सिस्टरांनी वेताची टोपली ठेवली. जमेल तिने घरून एक पोळी जास्त आणायची, हवी तिने घ्यायची. कोण ठेवतं, कोण उचलतं, ते कुणी बघायचं नाही. सिस्टर स्वतः टोपलीकडे पाठ करून उभ्या राहत. संक्रांतीला तिच्यात तिळाच्या वड्या आल्या, मदनपुऱ्याहून येणारी एक मैत्रीण पाव आणायची. टोपली वार्षिक परीक्षेपर्यंत राहिली. मी तिच्यातलं खाल्लं आहे, आणि आईला कुठे काम मिळालं की भाकरी ठेवलीही आहे. वडील सिस्टरांना ‘त्या माउली’ म्हणत.

नाताळ म्हणजे काय हे मला त्या टोपलीने शिकवलं. देव गोठ्यात जन्मतो ही गोष्ट २५ तारखेला ऐकायला गोडच वाटते. महिनाअखेरीस शेजारच्या बाकावरची मुलगी उपाशी दिसते तेव्हा त्या गोष्टीचा कस लागतो.

आम्ही १९८५च्या दहावीच्या मैत्रिणी अजूनही जानेवारीच्या मध्यावर एका सरकारी रुग्णालयात जातो. डिसेंबरात तिथे केक वाटणाऱ्यांची रीघ असते. जानेवारीत खाटेवरच्या आजीला संत्रं सोलून द्यायला, खालून औषध आणून द्यायला, नुसतं जवळ बसायलाही माणूस नसतं.

शाळेच्या महोत्सव समितीला एक विनंती आहे. यंदाचा गोठा मोठा होणार असं ऐकते. तो आवरल्यावर त्या जागी टोपली ठेवा. पहिल्या आठवड्याच्या पोळ्या आमच्या तुकडीकडून येतील.