कोण बोललं ते लिहिलेलं नाही

रविवार, २० जुलै २०२५, डोंबिवली

सकाळपासून पावसाची झड लागली आहे. आई पलंगावर पाय लांब करून बातम्या बघत होती. पडद्यावर एक जण दोन बोटांत पेन धरून दाखवत होता की इंधनाचा स्विच नुसता ढकलून चालत नाही. तो आधी वर उचलावा लागतो, मग खाली घ्यावा लागतो. धक्का लागून बंद होणं शक्यच नाही, असं तो म्हणाला आणि लगेच अहमदाबादला पडलेल्या विमानाच्या कॅप्टनचा फोटो आला. आई म्हणाली, "त्याच्या वडिलांच्या घरातला टीव्ही कुणी बंद करून ठेवला असेल का गं?"

मी रिमोट घेतला आणि आमचा बंद केला. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

१२ जूनला गुरुवार होता. दुपारी एक-चाळीसच्या सुमाराला अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं १७१ अर्ध्या मिनिटात खाली आलं आणि बी. जे. मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर पडलं. विमानात २४२ माणसं होती, त्यांतला एक वाचला. जमिनीवरचे १९ गेले. पोरं मेसमध्ये जेवायला बसली होती. टेबलावर स्टीलची ताटं तशीच, वाढलेलं अन्न तसंच आणि वर भिंतीचा ढिगारा. तो फोटो माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

संध्याकाळच्या लोकलमध्ये समोरच्या बाई मेथी निवडत होत्या. जुडी मांडीवर, पानं पिशवीत, काड्या वर्तमानपत्रावर. मान वर न करता म्हणाल्या, "फ्लॅप्स उघडलेच नव्हते." शेजारची म्हणाली, "नाही हो, चाकं आत घेतली नाहीत, व्हिडिओत दिसतंय." दाराशी उभी असलेली कुणी म्हणाली, पक्षी शिरला इंजिनात. फ्लॅप्स, म्हणजे विमानाच्या पंखांच्या मागच्या पट्ट्या, हा शब्द आमच्या डब्यात त्याआधी कधी कुणी उच्चारला नसेल. तिकडे अजून ढिगारा उपसत होते आणि इकडे ठाणे येईपर्यंत तीन कारणं झाली होती.

त्या बायकांना मी नावं ठेवत नाही. मलाही कारण हवंच होतं. ऑफिसातल्या मैत्रिणीची मुलगी ऑगस्टमध्ये लंडनला शिकायला जाणार आहे. ती दिवसभर एकच विचारत होती, "पण झालं कशाने?" कारण कळलं की ते आपल्या वाटेला येणार नाही, असं वाटतं माणसाला. पण त्याच वेळी तिकडे नातेवाईक डीएनएसाठी रक्त द्यायला रांगेत उभे होते. त्याच विमानात असलेले गुजरातचे माजी मुख्यमंत्री विजय रूपाणी यांची ओळख पटायलाही तीन दिवस लागले. काही घरांना तर पंधरा दिवस वाट बघावी लागली. आपलं माणूस अजून हातात आलेलं नाही आणि ते कशाने गेलं, कुणामुळे गेलं, हे सगळा देश सांगतोय. त्या रांगेत त्यांनी फोन बघितले असतील का?

आमच्या डोंबिवलीतलीही एक मुलगी त्या विमानात हवाई सेविका होती. विशीतली. ज्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं ते तिची जुनी रील्स एकमेकांना पाठवत होते. खाली हळहळ होती, पण मधूनच कुणीतरी विचारायचं, शेवटच्या व्हिडिओत ती उदास दिसते का?

आता माझं लिहिते. तिसऱ्या दिवशी मामेभावाचा मेसेज आला की या विमानाची देखभाल तुर्कस्तानच्या कंपनीकडे होती आणि हा घातपात आहे. मे महिन्यात एका तुर्की कंपनीची विमानतळावरची परवानगी आपल्या सरकारने काढून घेतली होती, त्यामुळे ते खरं वाटलं. खरं वाटलं एवढ्यावर मी तो माहेरच्या ग्रुपवर टाकला. त्याच सुमाराला तुर्कस्तानने साफ नाकारल्याची बातमी आली. मी तोवर पंचेचाळीस जणांना तो पाठवून बसले होते. डिलीट करायला गेले तर वेळ निघून गेली होती. खाली लिहिलं, वरचं खोटं आहे, माझी चूक झाली. त्यावर एकानेही काही लिहिलं नाही. आणि परवा तोच मेसेज, त्याच ओळी, त्याच दोन शुद्धलेखनाच्या चुका, सोसायटीच्या ग्रुपवरून माझ्याकडे परत आला. तो माझ्याच हातून गेलेला असेल का, हे मला कधीच कळणार नाही. त्या दिवसापासून जीव थाऱ्यावर नाही.

बाकी किती गोष्टी फिरल्या. रूपाणींच्या गाड्यांचा नंबर १२०६ आणि अपघाताची तारीख १२-०६. मग ११ ए. त्या सीटवरचा माणूस वाचला, तर १९९८ मध्ये थायलंडच्या अपघातातून वाचलेला एक गायकही ११ ए वरच होता म्हणे, म्हणून लोक तीच सीट मागायला लागले. त्याच वाचलेल्या माणसाच्या बोलण्यावर दुसरीकडे संशय, एवढ्या आगीतून कुणी चालत येतं का? त्याचा भाऊ त्याच विमानात गेला. गच्चीवरून विमान पडतानाचा व्हिडिओ काढणारा सतरा वर्षांचा पोरगा, त्याला अटक झाली अशी हूल उठली. पोलिसांनी फक्त साक्षीदार म्हणून जबाब घेतला होता. केरळमध्ये तर एका नायब तहसीलदाराने त्या विमानात गेलेल्या नर्सबद्दल इतकं घाण लिहिलं की त्याला निलंबित केलं. गेलेल्या बाईने याचं काय बिघडवलं होतं?

गेल्या शनिवारी, अपघाताला बरोबर महिना झाला त्या दिवशी, प्राथमिक अहवाल आला. पंधरा पानं. मी ती दोनदा वाचली, पुष्कळसं कळलं नाही. जे कळलं ते असं. जमीन सोडल्यावर काही सेकंदांत दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंदकडे गेले. दहा सेकंदांनी पहिला परत सुरूवर आला, आणखी चार सेकंदांनी दुसरा. तेवढ्या उंचीवर तेवढा वेळ पुरला नाही. मेडेची, म्हणजे संकटाची, हाक गेली आणि सहा सेकंदांत नोंद थांबली. फ्लॅप्सचा दांडा जिथे हवा तिथेच होता. पक्ष्यांचा विशेष वावर नव्हता. म्हणजे लोकलमधलं आमचं शहाणपण तिथेच संपलं.

मग ती ओळ. एका वैमानिकाने दुसऱ्याला विचारलं की तू इंधन का बंद केलंस, आणि दुसरा म्हणाला, मी केलं नाही. कोणी विचारलं आणि कोणी उत्तर दिलं, ते अहवालात लिहिलेलं नाही. स्विच हातानेच हलले की आणखी कशाने, तेही नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक यंत्रणेने अशाच स्विचच्या लॉकबद्दल सूचना काढली होती, तिचा उल्लेख मात्र आहे. इतकी जागा तपासणाऱ्यांनी मोकळी ठेवली. ती आपण आठवड्याच्या आत भरून टाकली. अमेरिकेतल्या एका मोठ्या पेपरने कॅप्टनकडे बोट दाखवलं. इथे त्यांच्या घरातली दुःखं, त्यांच्या रजा, त्यांचं एकटं राहणं, सगळं उकरून झालं. १५ हजारांहून जास्त तास विमान चालवलेला माणूस. जो आता एका शब्दानेही उत्तर देऊ शकत नाही. अमेरिकेच्याच तपास मंडळाच्या अध्यक्षांनी सांगितलं की हे सगळं घाईचं आहे, अशा तपासांना वेळ लागतो. पण त्यांचं म्हणणं सोसायटीच्या ग्रुपवर कुणी पाठवलं नाही.

मला या गोष्टीचा इतका त्रास का होतो ते आईने ओळखलं आहे. बाबा ड्रायव्हर होते, कामगारांची बस चालवायचे. मी सातवीत असताना घाटात गाडी कठड्यावर गेली आणि दोन माणसं दगावली. बाबा दवाखान्यात बेशुद्ध होते. चाळीच्या नळावर आई हंडा लावून उभी, आणि मागे दोघी जणी बोलत होत्या, "झोप लागली असणार, नाहीतर घेतली असणार." बाबांनी आयुष्यात कधी घेतली नाही. आईने हंडा अर्धाच भरून उचलला. मी तिच्याबरोबर होते, छोटी कळशी घेऊन. पुढे ब्रेकबद्दल काहीतरी कागद झाले, पण ते कागद चाळीत कुणी वाचले नाहीत. बाबा गेले तोवर त्यांना नळावरचं ते वाक्य कुणी सांगितलं नव्हतं. आई त्यानंतर पहाटे पाणी भरायला लागली, कुणी उठायच्या आत.


शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

काल सर्वोच्च न्यायालयात कॅप्टनच्या वडिलांची याचिका आली होती. न्यायमूर्तींनी सांगितलं की मुलाला दोष दिला जातोय हे ओझं तुम्ही बाळगू नका, त्याला कुणी दोष देऊ शकत नाही. प्राथमिक अहवालात तसं काही सूचितही केलेलं नाही, असंही म्हणाले. अंतिम अहवाल अजून यायचा आहे.

सकाळी चहा घेताना आईला वाचून दाखवलं. तिने कप खाली ठेवला.

"किती वर्षांचे आहेत गं ते?"

"९१."

ती थोडा वेळ खिडकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ते ओझ्याचं काय म्हणाले, ते परत वाच." मी परत वाचलं.