कागदावरचं प्रश्नचिन्ह

मंगळवार, रात्री पावणेबारा

गालातली गाठ दाखवायला शुक्रवारी साडेअकराची वेळ मिळाली आहे. म्हणजे अजून अडीच दिवस.

चिठ्ठी पुन्हा उघडली. आज चौथ्यांदा. दातांच्या डॉक्टरांचं अक्षर चांगलं आहे, सगळं नीट वाचता येतं. डावा गाल, आतून, खालच्या दुसऱ्या दाढेसमोर. ६ मिलिमीटर. गुळगुळीत, मऊसर, दुखत नाही, रंग आजूबाजूसारखाच. मानेत काही हाताला लागत नाही. आणि शेवटच्या ओळीत, ‘? फायब्रोमा’. आधी प्रश्नचिन्ह, मग शब्द. फायब्रोमा म्हणजे तंतूंची साधी गाठ, कॅन्सर नसलेली.

हे प्रश्नचिन्ह मी एकोणीस वर्षं बघतेय. लॅबमध्ये येणाऱ्या बाटलीबरोबरच्या फॉर्मवर ते असतंच. ? टीबी, ? लायपोमा म्हणजे चरबीची गाठ, ? मॅलिग्नन्सी म्हणजे कॅन्सर. डोळ्यांना आणि बोटांना जे वाटलं ते डॉक्टरांनी लिहिलंय, आता काचेखाली बघून तुम्ही सांगा, एवढाच त्याचा अर्थ. फॉर्मवरचं नाव, वय, नंबर बाटलीवरच्या लेबलशी ताडून बघायचं आणि पुढे जायचं. त्या खुणेवर नजर कधी थांबली नव्हती. आता वर माझं नाव आहे, तर नजर तिथून हलत नाही.

जीभही हलत नाही. दिवसभर तिथेच. बोलताना, भाजी चिरताना, गाडीवर सिग्नलला थांबले की लगेच. आणि जिभेला ती गाठ चिंचोक्याएवढी लागते. आरशात बघितली तर तुरीच्या दाण्याएवढी. हे जिभेचं असतंच. मेंदूत जीभ आणि ओठ यांच्या स्पर्शाला जी जागा दिलेली आहे ती अख्ख्या पाठीला मिळालेल्या जागेपेक्षा मोठी आहे. दाढेत अडकलेला पेरूच्या बीचा तुकडा केवढा वाटतो आणि काढून बघावा तर केवढासा निघतो. हे माहीत आहे. तरी रात्री जीभ सांगते ‘वाढली’ आणि मी उठून दिवा लावते.

आजपासून नियम. दिवसातून एकदा, सकाळी दात घासल्यावर, खिडकीजवळच्या आरशात. मोबाईलचा टॉर्च समोरून लावला की ओल्या गालावर चकाकी येते आणि पांढरं नसलेलं पांढरं दिसतं, म्हणून तो बाजूने धरायचा. गाल बोटाने बाहेर ओढायचा, बघायचं, सोडायचा. दाबायचं नाही. सारखं दाबलं, जिभेने चोळलं, दातांत धरून बघितलं की गाठीवरची कातडी सुजते, दुसऱ्या दिवशी ती खरंच मोठी लागते, आणि मग जी भीती होती तिलाच पुरावा मिळतो. काल संध्याकाळी नेमकं तेच झालं. जीभ ठेवायची कुठे, तर वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला. ओठ मिटलेले, वरचे-खालचे दात एकमेकांना न लागता. जिभेची विश्रांतीची जागा तीच. पाच मिनिटं टिकते, मग सुटते, मग परत आणायची.

दाढेचा टोकदार कोपरा डॉक्टरांनी घासून दिला आणि दोन आठवडे थांबायला सांगितलं होतं. ते बरोबरच होतं. गालाला टोचणारं काढलं की साधी जखम दोन आठवड्यांत भरते. न भरणारी, किंवा भरल्यासारखी होऊन त्याच जागी परत उघडणारी जखम म्हणजे पुढे दाखवायची. माझी जखम नव्हतीच. गाल पुन्हा पुन्हा चावला जाऊन तिथे तंतूंची घट्ट गाठ बनते, ती कोपरा गेला तरी विरघळत नाही, बसून राहते. त्यामुळे ती गेली नाही याचा अर्थ काही वाईट आहे असा होत नाही. हे वाक्य मी आज सकाळी लिहून काढलं होतं. दुपारी जेवताना त्याचा काही उपयोग झाला नाही.

सुनील म्हणाला, ‘अगं, काही नसेल.’ बरं वाटलं. वीस मिनिटं. मग परत विचारलं, तो परत तेच म्हणाला, त्या वेळी दहा मिनिटं. रात्री जेवणानंतर मी तोंड उघडून त्याला टॉर्च धरायला लावला, आणि त्याचा चेहरा वाचत बसले. तो दमला होता म्हणून गप्प होता. मला वाटलं, त्याला काहीतरी दिसलं. दिलासा असा मागून मागून घेतला की त्याचा असर कमी कमी होत जातो, आणि ज्याच्याकडे मागतो तोही घाबरायला लागतो. त्याला उद्यापासून विचारायचं नाही. त्यापेक्षा शुक्रवारी माझ्याबरोबर आत ये, एवढंच सांगायचं. आत दोघांनी ऐकलेलं बरं. एकट्या माणसाच्या कानात पहिलं वाक्य जातं आणि पुढचं राहून जातं.

आक्का म्हणाल्या, तू तर मशेरीसुद्धा लावत नाहीस, तुला कसली भीती? मशेरी नाही, तंबाखू नाही, खरंय. पण सुपारी? जेवणानंतर बडीशेपेबरोबर कातरलेली, कॉलेजपासून. सुपारी नुसती, तंबाखूशिवाय खाल्ली तरी तोंडाच्या कॅन्सरला कारण होते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ च्या अहवालात स्पष्ट सांगितलंय. राज्यात गुटख्यावर बंदी २०१२ पासून आहे, सुपारीचा डबा मात्र आपल्या घराघरांत पाहुण्यांसमोर ठेवतात. आमचा मी पंधरवड्यापूर्वीच रिकामा केला. डॉक्टर विचारतील तेव्हा किती वर्षं, दिवसातून किती वेळा, गालात कुठल्या बाजूला धरून ठेवायची सवय, हे खरं सांगायचं. डाव्या बाजूला. हे मला सांगायला जड जाणार आहे.

बाबांचं… ते आत्ता नको.

ज्याने घाबरावं ते काय असतं, तेही स्वतःला एकदा सरळ सांगून टाकते, म्हणजे रात्री मोबाईलवर शोधायला नको. गाठ कडक असणं, खाली घट्ट चिकटलेली असणं, हलवली तर न हलणं. तिच्यावर न पुसला जाणारा पांढरा चट्टा, आणि त्याहून जास्त काळजीचा म्हणजे मखमलीसारखा लाल चट्टा. हात लावताच रक्त येणं. खालचा ओठ बधिर होणं. काही कारण नसताना दात हलायला लागणं. तोंड उघडताना तीन बोटं उभी न मावणं. गिळताना त्रास, एकाच बाजूचा कान ठणकणं, मानेत न दुखणारी आणि न जाणारी गाठ. यातलं माझ्यात आज एकही नाही. यातलं काही असतं तर मी शुक्रवारची वाट बघायची नव्हती, फोन करून वेळ अलीकडे मागायची होती. उद्या-परवात काही नवीन दिसलं तरी तेच करायचं. थांबायचं ते एवढ्या अटीवर.

आणि तोंडात जे मुळात साधंच असतं त्याला घाबरायचं नाही. गेल्या आठवड्यात मी उजव्या गालातही एक उंचवटा शोधून काढला होता, वरच्या दुसऱ्या दाढेसमोर. ते लाळेच्या नळीचं तोंड. प्रत्येकाला असतं, दोन्ही गालांत. जिभेच्या मुळाशी उलट्या व्हीच्या आकारात ओळीने बसलेले मोठे दाणे, आठ-दहा-बारा, तेही प्रत्येकाला असतात. टाळूच्या मधोमध हाडाचा कडक फुगवटा असतो कित्येकांना, खालच्या जबड्याला आतल्या बाजूने दोन्हीकडे असतो काहींना. जे दोन्ही बाजूंना सारखं आहे ते बहुतेक वेळा आपलंच असतं. शिकताना हे पाठ केलं होतं. भीतीत पहिलं तेच विसरायला होतं.

शेजारच्या ताईंनी लवंगेचं तेल लावायला सांगितलं. नाही लावणार. कापसाने गालाला लावलेलं लवंगेचं तेल कातडी भाजतं, तिथे पांढरा पापुद्रा धरतो. दाढ दुखते म्हणून गालात अ‍ॅस्पिरिनची गोळी धरून ठेवणाऱ्यांचंही तेच होतं. मग तपासणाऱ्याला मूळचं काय आणि भाजलेलं काय हेच कळत नाही. तुरटी नाही, हळद नाही, तोंड आल्यावरचं जेल नाही, सुईने फोडून बघणं तर अजिबात नाही. कोमट पाण्याच्या ग्लासात अर्धा चमचा मीठ, दोन वेळा गुळण्या. त्याने गाठीला काही होत नाही, पण हाताला काहीतरी करायला मिळतं.

रात्रीचे साडेबारा झाले. झोप नाहीच.

तपासणीसाठी गाठीचा तुकडा घ्यायचं म्हणाले तर काय होईल, ते मला डोळ्यांसमोर दिसतंय. शुक्रवारी घेतीलच असं नाही, आधी बघतील, एक बोट आत आणि दुसरा हात बाहेरून गालावर ठेवून दोन्हींच्या मध्ये गाठ चाचपतील, मान चाचपतील. एवढी लहान गाठ असेल तर बहुतेक अख्खीच काढतात. बधिर करायचं इंजेक्शन, ते टोचतं तेवढंच. दोन-तीन टाके. बधिरपणा उतरेपर्यंत गरम चहा नाही आणि चावायचं नाही, नाहीतर तोच गाल परत दाताखाली येतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगायचं, आपल्या मनाने बंद करायची नाही. आणि सुरी लागली की कॅन्सर पसरतो असं जे लोक म्हणतात, त्या भीतीने तुकडा न देता महिनोन्‌महिने थांबलेले लोक मी काउंटरवर बघितलेत. नुकसान होतं ते त्या थांबण्याने.

मग बाटली. रुंद तोंडाची. तुकडा टिकवायला आत १० टक्के फॉर्मलिन, तुकड्याच्या किमान दहापट. सलाईनमध्ये टाकून पाठवलेला तुकडा आतून सडायला लागतो, आणि पेशंटला परत खुर्चीत बसावं लागतं. चिमट्याने जोरात धरलेला तुकडा चिरडतो, पेशी शाईसारख्या फराटतात, वाचता येत नाहीत. एक रात्र फॉर्मलिनमध्ये. मग ग्रॉसिंग, म्हणजे मोजायचं, कडांना शाई लावायची, कापून जाळीच्या डबीत ठेवायचं. रात्रभर मशीनमध्ये आधी अल्कोहोल, मग झायलीन, मग वितळलेलं मेण. सकाळी ब्लॉक, म्हणजे तुकडा आत धरलेला मेणाचा ठोकळा.

ब्लॉक करताना तुकडा उभा बसवायचा. वरची कातडी एका बाजूला, खालचं मांस दुसऱ्या बाजूला, पावाच्या स्लाइसला कड दिसते तसं. इथे हात चुकला आणि तुकडा आडवा बसला तर पातं कातडीतून तिरकं जातं, आणि वरच्या पेशींची बेटं खाली उतरल्यासारखी दिसतात. मग कॅन्सर आत शिरतोय असं, तसं काही नसतानाही, दिसू शकतं. म्हणून मी भिंग लावते. नंतर बर्फावर गार केलेला ब्लॉक मायक्रोटोमला, म्हणजे काप काढायच्या यंत्राला, लावायचा, ४ मायक्रॉनचे काप, वहीच्या पानाच्या विसाव्या-पंचविसाव्या हिश्शाइतके. कापांची रिबन कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या आपोआप उलगडतात, खालून काच घालून उचलायची. हिमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रकं निळी होतात, इओसिनने बाकीचं गुलाबी. फायब्रोमा असली तर वर पातळ आवरण, त्याखाली गुलाबी तंतूंच्या जाड लडी, मध्ये तुरळक निळे ठिपके. बघायला शांत असते ती स्लाइड.

रिपोर्टला उशीर झाला की लोक काउंटरवर येऊन माझा चेहरा बघतात. उशिराचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की स्लाइड वाचणाऱ्या मॅडमनी ब्लॉक आणखी खोल कापून मागितलाय, किंवा बुरशी बघायला वेगळा रंग लावायचाय, किंवा मध्ये रविवार आला. पुढच्या वेळी मी त्यांना नुसतं ‘उद्या या’ म्हणणार नाही. कारण सांगणार.

आणि आता लिहिता लिहिता आठवलं. आम्ही फोन कुठल्या फॉर्मसाठी करतो? ज्यावर काहीच लिहिलेलं नसतं त्यासाठी. ‘गाल, बायोप्सी’, बस. ना किती दिवसांची, ना केवढी, ना तंबाखू-सुपारीचं काही, ना ती खूण. मॅडम म्हणतात, विचार त्यांना, त्यांच्या मनात काय आहे? ती खूण असली की मॅडमना कळतं, समोरच्याने नीट बघितलंय, त्याचं एक मत झालंय, आणि त्या मतावर तो अडून बसलेला नाही. माझ्या डॉक्टरांनी मोजपट्टीच्या प्रोबने ६ मिलिमीटर मोजलं, मान चाचपली, आणि मग ती खूण काढली. तीन आठवडे मी तिला माझ्या विरुद्ध वाचतेय.

अजूनही पोटात गोळा आहेच. पण जरा सैल.

फाइल लावली. चिठ्ठी सगळ्यात वर, दाढेचा एक्स-रे त्याखाली, चालू गोळ्यांची यादी, मागची शुगर. मागच्या कागदावर तीन प्रश्न: अख्खी काढणार की तुकडा? रिपोर्ट कधी आणि कोण सांगणार? काहीच करायचं नसेल तर परत कधी दाखवायचं? चौथी ओळ सुपारीची. किती वर्षं ते लिहून टाकलं, म्हणजे तिथे जीभ अडखळायला नको.

उद्या मंजूला सांगायला हवं, शुक्रवारी मी नाही. मायक्रोटोमचं पातं बदलायला झालंय, गुरुवारीच बदलून ठेवते.