दहा मिनिटांत सुटलं म्हणून रडू आलं

काल रात्री जुन्या ऑफिसमधल्या सहकाऱ्याचा फोन आला, सर्व्हर मधेच बंद पडतोय, लॉग बघून काही कळत नाहीये, जरा बघतेस का. स्क्रीन शेअर केली आणि दहा मिनिटांत सापडलं. एरर आली की डेटाबेसची कनेक्शन्स उघडीच राहत होती, साठत साठत सगळं ठप्प. "सुटलो बाई" म्हणाला, फोन ठेवला, आणि मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की मागोमाग रडूच आलं.

आज दिवसभर तेच. बरं का वाटावं? स्वतःहून सोडलंय ना मी ते काम, ॲनिमेशन शिकायला?

आणि इकडे क्लासमध्ये चार दिवस झाले एक वॉक सायकल, म्हणजे पात्राची परत परत फिरणारी चाल, जमत नाहीये. २४ फ्रेम्स, म्हणजे एक सेकंद, दोन पावलं. पहिलीला कॉन्टॅक्ट, पाऊल टेकतं; चौथीला डाऊन, शरीर खाली; सातवीला पासिंग, मागचा पाय टेकलेल्या पायाजवळून जातो; दहावीला अप, शरीर वर; तेरावीला दुसरा पाय पुढे. सगळं पाठ आहे, तरी माझी ॲनिमेशनमधली बाई चालत नाही, तरंगते. सर म्हणाले, "पोझेस बरोबर आहेत, वजन नाहीये." कोड चुकला की निदान कुठल्या ओळीवर चुकला ते तरी कळतं, इथे फाइल उघडते, प्ले होते, काहीच अडत नाही आणि तरी त्यात जीव नाही. पहिल्या आठवड्यातला उसळणारा बॉल जमला होता मला, गुरुत्वाकर्षणाचं सूत्र लावून बसवला होता. पण बॉलला मन नसतं. शेजारी बसते ती १९ वर्षांची आहे, तिच्या हातातून... जाऊदे. पगाराचा विषय आईने परत काढला नाही, तेही कळतंय मला.

पण बरं का वाटलं हे सोडवत नाही. कोणाला तरी माझी गरज होती म्हणून? की मला काहीतरी येतं हे आठवलं म्हणून?

संध्याकाळी उठले, मोबाईल टेबलावर उभा केला आणि खोलीत इकडून तिकडे चालले, मग तो व्हिडिओ एकेक फ्रेम करत बघितला. पाऊल टेकलं की गुडघा वाकतो आणि अख्खं शरीर खाली बसतं, मग कंबर त्या टेकलेल्या पायावर सरकते, चांगली सरकते. माझ्या बाईची कंबर मधोमध, सरळ रेषेत, नुसती खालीवर. आयुष्यभर चालतेय मी आणि हे कधी बघितलंच नव्हतं.

तेव्हा एकदम वाटलं, कालची ती दहा मिनिटं दहा मिनिटं नव्हतीच, त्यामागे अकरा वर्षं होती. आणि ह्या बाईला मी दिलेत चार दिवस.

चौथी फ्रेम अजून खाली घेतली, सातवीला कंबर बाजूला सरकवली. डावं पाऊल आता पडतं, खरंच पडतं, वीस वेळा तरी प्ले करून बघितलं असेल. उजवं अजून तरंगतंय. १६ आणि १९ नंबरच्या फ्रेम्स उद्या.