जादा पाटा

अमेरिकेत तीन महिने काढले. नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन सगळं झालं. पाणी भरपूर, इमारती उंच, चहा सगळीकडे पांचट. लिहायला बसलोय ते एका रानाबद्दल.

मुलगी-जावई नॉर्थ कॅरोलायनात मॉरिसव्हिलला राहतात. तिथे आपली माणसं इतकी, की किराणा दुकानात मागून "अगं, ही मेथी नको, पिवळी पडलीय" असं ऐकू येतं. शनिवार-रविवार आला की मला कुठेतरी न्यायचं म्हणून मॉल, नाहीतर देऊळ. मी 31 वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपात घालवलेला माणूस. मॉलच्या बाकड्यावर बसवून सगळे आत गेले की डेपोच्या कोपऱ्यात उभी केलेली ब्रेकडाऊन गाडी आठवते. तिसऱ्या शनिवारी मी सरळ सांगितलं, "निखिलराव, मला एखादं गॅरेज दाखवा, जुनं-पडकं कसलंही चालेल."

"बाबा, गॅरेज नाही, पण रेसचा एक जुना ट्रॅक आहे. आता तिथे जंगल झालंय म्हणे."

चालेल म्हटलं. आमच्या हिने पोळी-भाजीचा डबा घेतला आणि निघालो.

पाऊण तासावर हिल्सबरो, तिथे ईनो नदीच्या काठाला ऑकोनीची नावाचा जुना स्पीडवे, म्हणजे शर्यतीचा ट्रॅक. नॅसकार ही अमेरिकेतली मोटारशर्यती भरवणारी संस्था. तिच्या मुख्य मालिकेच्या पहिल्या हंगामात, 1949 साली, आठच शर्यती झाल्या. त्यातली तिसरी इथे, 7 ऑगस्टला. त्या हंगामातल्या ट्रॅकांपैकी मातीचाच उरलाय तो हा एवढाच. उरलाय म्हणजे काय, मैलाला थोडी कमी अशी लंबगोल वाट आणि दोन्ही बाजूंना, मधोमधही, पाइनची झाडं. माती लाल, आपल्या कोकणातल्यासारखी. मुलगी म्हणाली, "बाबा, इथे बघायचं काय?" तिचंही बरोबर होतं. तिकीट नाही, कॅन्टीन नाही, फोटोत नुसती झाडं येतात.

मी मात्र चालत राहिलो. अर्ध्या फेरीनंतर दम लागला. मध्ये थांबलो तर पानांची सळसळ तेवढी. इथे एकेकाळी इंजिनांचा असा आवाज असायचा, की गावातले पाद्री रविवारच्या शर्यतींवर चिडून होते. 15 सप्टेंबर 1968 ला शेवटची शर्यत झाली, ती नामी ड्रायव्हर रिचर्ड पेटीने जिंकली. पुढच्या वर्षी अलाबामात टालाडेगाचा प्रचंड ट्रॅक सुरू झाला आणि इथे गवत माजलं.

नदीपासून वर चढत गेलं की प्रेक्षकांसाठी टेकडीत बांधलेल्या काँक्रीटच्या पायऱ्या लागतात. शेवाळलेल्या, मधल्या फटीत बोटाएवढं झाड. तिथे एक म्हातारा बसला होता, डोक्यावर टोपी, हातात काठी. मला हाय म्हणाला, मी नमस्कार केला. त्याचं इंग्रजी मला निम्मं कळलं, माझं त्याला पाव. पण 'मेकॅनिक' हा शब्द दोघांनाही कळला आणि मग तासभर अडलं नाही.

सात-आठ वर्षांचा असताना वडिलांबरोबर तो याच पायऱ्यांवर बसायचा. घरी जाईपर्यंत दातांत माती करकरायची, हे त्याने दात खाऊन दाखवलं. तेव्हा स्टॉक कार म्हणजे शोरूममधून निघालेली गाडी, फारसा फेरफार न करता पळवायची. ड्रायव्हरनं घरची गाडी चालवत आणायची, पळवायची आणि धड राहिली तर तीच घेऊन परतायचं. रिचर्डच्या बापाने, ली पेटीने, हंगामाच्या शार्लटमधल्या पहिल्या शर्यतीला उसनी आणलेली ब्यूक गाडी पळवली आणि उलटवली. पोरं-बाळं बरोबर आलेली, आता घरी जायचं कसं!

त्याच शर्यतीची गोष्ट सांगताना म्हाताऱ्याने डाव्या हाताची बोटं उजव्या हातावर एकावर एक रचली. मी ओरडलोच, "पाटे! कमान-पाटे!" गाडीचा भार पेलणाऱ्या एकावर एक बसवलेल्या पोलादी पट्ट्या. 19 जून 1949. ग्लेन डनवेची फोर्ड सगळ्यांच्या पुढे आली. तपासणीत मागचे पाटे कंपनीच्या मापाचे नाहीत असं निघालं आणि त्याला बाद केलं. पहिला नंबर कॅन्सासहून आलेल्या जिम रोपरच्या लिंकनला. डनवेची गाडी मुळात हातभट्टीची दारू वाहायची. मागे माल भरला की बूड खाली बसतं, पोलिसाला लांबून कळतं, म्हणून पाट्यांची करामत केलेली. वळणावरही अशी गाडी झोल खात नाही. मालक 10,000 डॉलरचा दावा ठोकून कोर्टात गेला, जज्जाने तो फेटाळला.

आता कबुली द्यायलाच हवी. 1993 साली मी मेव्हण्याच्या वडापच्या जीपला मागे दोन-दोन जादा पाटे घालून दिले होते. बारा माणसांची जीप वीस घ्यायला लागली. त्याच रस्त्यावर आमच्या डेपोची गाडी रिकामी धावायची. पगार एस.टी.चा आणि हे उद्योग! घरी हिलाही सांगितलं नव्हतं. त्या पायऱ्यांवर एका परक्या माणसाला हातवारे करून सांगितलं. तो गुडघ्यावर थापा मारत हसला आणि मी चोरटेपणाने मागे पाहिलं. ही ऐकत होती. "म्हणजे दादाच्या जीपला…" एवढंच म्हणाली.

नॅसकार हे नावही अटलांटाच्या एका मेकॅनिकनेच, रेड व्होटने, सुचवलेलं. हे ऐकल्यापासून मी जावयाला तीन वेळा सांगून झालंय. आताच्या शर्यती मी त्याच्या टीव्हीवर पाहिल्या. गाडीला दिवे नाहीत, दिव्यांची चित्रं चिकटवलेली. शोरूमशी त्या गाडीचा संबंध नावापुरता. मला पाहवेना, झोप लागली.

म्हातारा आमच्याबरोबर गाडीपर्यंत आला. जावयाची गाडी इलेक्ट्रिक. त्याने एक फेरी मारली, वाकून पाहिलं आणि बॉनेटवर काठी टेकवून विचारलं, इंजिन दाखव. मेकॅनिकने मेकॅनिकला विचारलेला प्रश्न, नाही कसं म्हणणार? निखिलरावांनी फोनवरून बॉनेट उघडलं.

आत आमचा पोळी-भाजीचा डबा होता.