अंतिम रेषेच्या पट्ट्या : दहा हजार मीटर कयाक शर्यतींच्या कामाची प्रगती

कयाक म्हणजे दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने चालवायची लांबट, अरुंद होडी. ऑलिंपिकमधील दहा हजार मीटर कयाक शर्यतींच्या पट्ट्यांचे, म्हणजे विजेता रेषेवर पोहोचला तेव्हा बाकीचे किती मागे होते हे दाखवणाऱ्या कागदी चित्रांचे, काम आता पूर्ण झाले आहे. हे अंतर १९३६, १९४८, १९५२ आणि १९५६ अशा चारच ऑलिंपिक स्पर्धांत होते. १९६० साली रोमला ते वगळून त्याच्या जागी प्रत्येकी पाचशे मीटरची चौघांची रिले शर्यत घेण्यात आली. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत मात्र हे अंतर १९९३ पर्यंत टिकले. त्यामुळे ऑलिंपिकपुरते काम आटोपशीर आहे, आणि तीन पदकविजेत्यांपुरते मर्यादित ठेवले तर आणखीच आटोपशीर होते.

पद्धत साधी आहे. ग्राफ पेपरवर एकास दोनशे हे प्रमाण घेतले, म्हणजे एकट्याची ५२० सेंटिमीटर लांबीची के-वन कयाक २.६ सेंटिमीटरची होते आणि दोघांची ६५० सेंटिमीटरची के-टू सव्वातीन सेंटिमीटरची. के-वनची किमान रुंदी ५१ सेंटिमीटर असावी असा त्या काळी नियम होता, म्हणून जुन्या पोस्टकार्डातून कापलेली माझी कयाक मध्यभागी जेमतेम अडीच मिलिमीटर रुंद आहे, आणि तिची दोन्ही टोके न मोडता कापण्यासाठी कात्रीऐवजी ब्लेड आणि मोजपट्टीच लागते. विजेत्याच्या कयाकचे पुढचे टोक अंतिम रेषेला लागले, त्या क्षणी बाकीचे दोघे कुठे होते, एवढेच पट्टीवर दाखवायचे असते. त्यासाठी वेळेतील फरकाला मागच्या खेळाडूच्या सरासरी वेगाने गुणायचे. शेवटच्या टप्प्यात सगळेच जोर लावत असल्यामुळे प्रत्यक्ष अंतर या हिशेबापेक्षा किंचित अधिक भरेल, पण चारही वर्षांना एकच हिशेब लावला असल्यामुळे तुलनेला फारशी बाधा येत नाही.

हा खटाटोप करण्याचे कारण असे की नुसत्या वेळांचा तक्ता वाचणाऱ्याची दिशाभूल करतो. १९३६ साली बर्लिनजवळ ग्र्युनाऊ येथे जर्मनीच्या एर्न्स्ट क्रेब्सने ४६ मिनिटे १.६ सेकंदांत शर्यत जिंकली. १९४८ साली इंग्लंडमधील हेन्ली येथे स्वीडनच्या गेर्ट फ्रेड्रिक्सनला ५० मिनिटे ४७.७ सेकंद लागले; १९५२ साली हेलसिंकीत फिनलंडच्या थोरवाल्ड स्ट्रोमबर्गने ४७ मिनिटे २२.८ सेकंद घेतले आणि १९५६ साली पुन्हा फ्रेड्रिक्सनने ४७ मिनिटे ४३.४ सेकंद. एवढेच पाहिले तर क्रेब्स सर्वांत श्रेष्ठ ठरतो, वीस वर्षांत खेळ मागे गेल्यासारखा दिसतो आणि सहा ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणारा फ्रेड्रिक्सन तक्त्याच्या तळाशी जाऊन बसतो, जे उघडच हास्यास्पद आहे. वारा, प्रवाह, पाण्याची खोली आणि वळसे या गोष्टी दर ठिकाणी निराळ्या असतात. म्हणूनच या खेळात धावण्यासारखा अधिकृत विश्वविक्रम न मानता ‘सर्वोत्तम वेळ’ म्हणण्याची प्रथा आहे. त्याउलट, एकाच पाण्यावर आणि एकाच वाऱ्यात दोन कयाकींमध्ये किती मीटर अंतर पडले, ही गोष्ट कोणत्याही वर्षी तितक्याच भरवशाने वाचता येते.

१९४८ची पट्टी सर्वांत बोलकी निघाली. फ्रेड्रिक्सन रेषेवर असताना फिनलंडचा कुर्ट वीरेस ३०.५ सेकंद, म्हणजे सुमारे ९९ मीटर मागे होता. कागदावर हे अंतर जवळजवळ अर्धा मीटर भरते. नॉर्वेचा एयविंड स्काबो १५४ मीटर मागे असल्यामुळे त्याच्यासाठी तीन ताव एकमेकांना चिकटवावे लागले. एकट्याच्या शर्यतीतील चारही वर्षांमधली ही सर्वांत मंद विजयी वेळ आणि त्याच वेळी पहिल्या दोघांमधले हे सर्वांत मोठे अंतर आहे. पाणी जड होते, खेळाडू हलके नव्हते, असाच याचा अर्थ मी लावतो. फ्रेड्रिक्सनने ही शर्यत ११ ऑगस्टला जिंकली आणि दुसऱ्याच दिवशी हजार मीटरचीही. १९१९ साली नीशॉपिंग येथे जन्मलेल्या या माणसाची उमेदीची वर्षे महायुद्धात गेली. १९४० आणि १९४४ ही दोन्ही ऑलिंपिक झालीच नाहीत, आणि पहिली ऑलिंपिक शर्यत त्याच्या वाट्याला आली ती वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. ती दोन ऑलिंपिक झाली असती तर पदकांची बेरीज काय झाली असती, याचा हिशेब करण्याचा मोह मी आवरला आहे.

१९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकचे नाव निघाले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे २३ जुलैला कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधवच येणार. त्यानंतर चारच दिवसांनी, २७ जुलैला, त्याच शहरातील ताइवल्लाहती या खाडीच्या पाण्यावर एकवीस वर्षांच्या स्ट्रोमबर्गने फ्रेड्रिक्सनला हरवले. अंतर ११.३ सेकंदांचे, म्हणजे सुमारे ४० मीटरचे होते. लगेच दुसऱ्या दिवशी हजार मीटरमध्ये फ्रेड्रिक्सनने त्याची परतफेड केली आणि स्ट्रोमबर्ग १.८ सेकंदांनी मागे राहिला. मीटरांत हे अंतर सातच्या आसपास भरते. नियम मोडून मी ही हजार मीटरची पट्टीदेखील काढली आणि आदल्या दिवसाच्या पट्टीखाली चिकटवली. वरच्या पट्टीवर फ्रेड्रिक्सनची पिवळी कयाक वीस सेंटिमीटर मागे, खालच्या पट्टीवर स्ट्रोमबर्गची निळी कयाक साडेतीन सेंटिमीटर मागे. दोन दिवसांत दोघांनी एकमेकांचे सुवर्ण हिरावले, पण किती फरकाने, हे इतक्या स्पष्टपणे पदकांच्या यादीतून कधीच कळले नसते.

येथे लाटेचा विचार करणे भाग आहे, कारण लांब पल्ल्याची कयाक शर्यत ही नुसत्या दमसासाची परीक्षा नसते. कमी अंतराच्या शर्यतीत प्रत्येकाने आपापल्या मार्गिकेतच राहायचे असते; दहा हजार मीटरमध्ये मात्र सगळ्यांना एकाच पाण्यात, वळणाच्या खुणांना वळसे घालत जायचे असल्यामुळे पुढच्याच्या लाटेचा फायदा घेणे हा खेळाचाच भाग ठरतो. पुढच्या कयाकीमागे तिच्याच वेगाने धावणारी लाटांची ओळ तयार होते. खोल पाण्यात सेकंदाला साडेतीन मीटर हा वेग धरला, तर एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचे अंतर सुमारे ७.८ मीटर येते, म्हणजे के-वनच्या लांबीच्या दीडपट. मागच्या वल्हेकऱ्याने आपली कयाक या लाटेच्या उताराच्या बाजूला अशी बसवली की तिचे पुढचे टोक किंचित खाली झुकते, तर ती सतत थोडी उतरणीवरच राहते आणि तोच वेग कमी श्रमांत टिकतो. जागा मात्र फार अरुंद असते. हातभर मागे सरकले की कयाक माथ्याच्या मागच्या बाजूला पडते आणि मग पुढच्याच्या लाटेवरच चढ चढावा लागतो. वळणावर पुढचा खेळाडू अचानक आतल्या बाजूला शिरला की त्याची लाटही तिरकी होते, आणि मागचा नेमका तिथे सुटतो. हे लक्षात घेतले की पट्टीवरील अंतराला अर्थ येतो : मागचा आठ-दहा मीटरच्या आत असेल तर लाट अजून त्याच्या हाती होती असे मानायला जागा आहे, आणि चाळीस मीटरांवर तो केव्हाच एकटा पडलेला होता.

या दृष्टीने जोड्यांच्या पट्ट्या अधिक रंजक आहेत. १९४८ साली स्वीडनच्या गुन्नार ओकरलुंड आणि हान्स वेटरस्ट्रॉम या जोडीने नॉर्वेच्या जोडीला ३५.४ सेकंदांनी, म्हणजे जवळजवळ १२६ मीटरनी मागे टाकले होते. चार वर्षांनी हेलसिंकीत हीच स्वीडिश जोडी विजेत्यांपासून फक्त ०.४ सेकंद दूर राहिली. विजेते होते यूर्यो हिएतानेन आणि तोच कुर्ट वीरेस, ज्याने हेन्लीला एकट्याच्या शर्यतीत फ्रेड्रिक्सनची पाठ शंभर मीटरवरून पाहिली होती. पंचेचाळीस मिनिटांना काही सेकंद कमी इतका वेळ वल्ही मारून झाल्यावर उरलेले अंतर दीड मीटरचे आहे. माझ्या पट्टीवर साडेसात मिलिमीटर. दोन्ही कयाकी इतक्या लगत चिकटवाव्या लागल्या की मागच्या कयाकीचे टोक पुढच्या कयाकीतील पहिल्या वल्हेकऱ्याच्या बैठकीच्याही पुढे आले. हजार मीटरमध्ये तर वीरेस आणि हिएतानेन यांची वेळ दुसऱ्या आलेल्या स्वीडिश जोडीच्या वेळेशी तंतोतंत जुळते, ३ मिनिटे ५१.१ सेकंद, आणि तरीही सुवर्ण फिनलंडचेच. अशा निकालापुढे माझी पद्धत हात टेकते, कारण शून्य सेकंदांना कोणत्याही वेगाने गुणले तरी उत्तर शून्यच येते.

१९५६च्या शर्यती मेलबर्न शहरात न होता बॅलरॅट येथील वेंडूरी सरोवरावर झाल्या. सदतीस वर्षे नुकतीच पूर्ण केलेल्या फ्रेड्रिक्सनने हंगेरीच्या फेरेंत्स हातलाचकीला ९.९ सेकंदांनी मागे टाकले, आणि मिशेल शॉयर हा जर्मन खेळाडू हेलसिंकीप्रमाणेच तिसरा आला. हेलसिंकीला शॉयर विजेत्यापासून ११० मीटर दूर होता, येथे ५९; पदक तेच, पण अंतर निम्म्यावर आलेले. जोड्यांमध्ये हंगेरीचे यानोश उरान्यी आणि लास्लो फाबियान जिंकले आणि ऑस्ट्रेलियाच्या डेनिस ग्रीन व वॉल्टर ब्राउन यांनी घरच्या पाण्यावर कांस्य मिळवले. तिन्ही जोड्या २४ मीटरांच्या आत आहेत. आठ वर्षांपूर्वीच्या पट्टीशेजारी ही पट्टी ठेवली की स्वीडनची मक्तेदारी कशी ओसरत गेली, हे वेगळे सांगावे लागत नाही.

कॅनडियन पद्धतीच्या, एका गुडघ्यावर बसून एकाच पात्याच्या वल्ह्याने चालवायच्या कनूंचे काम मी अद्याप सुरू केलेले नाही. फक्त अमेरिकेच्या फ्रँक हेवन्सला अपवाद केला आहे. त्याचे वडील बिल हेवन्स १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकला वल्हवणाऱ्या आठ जणांच्या संघातून जाणार होते, पण पत्नी बाळंत व्हायची असल्यामुळे ते घरी राहिले. त्या ऑगस्टमध्ये जन्मलेला हाच मुलगा १९४८ साली दहा हजार मीटरमध्ये दुसरा आणि १९५२ साली हंगेरीच्या गाबोर नोवाकला ८.१ सेकंदांनी हरवून पहिला आला. पट्टीवर ते अंतर पावणेबारा सेंटिमीटर आहे.

पुढच्या टप्प्यात नद्यांवरील शर्यती घ्यायच्या आहेत, आणि तेथे पट्टीऐवजी नकाशा लागणार. इंग्लंडमधील डिव्हायझेस ते वेस्टमिन्स्टर ही १२५ मैलांची, म्हणजे सुमारे २०० किलोमीटरची वाट सुरुवातीला केनेट आणि एव्हन कालव्याने जाते, रेडिंगजवळ थेम्स नदीला मिळते आणि शेवटचे सतरा मैल भरती-ओहोटीच्या पाण्यातून लंडनमध्ये शिरते. वाटेत ७७ लॉक, म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करून होड्या पुढे सोडणारी दरवाजांची ठिकाणे आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी कयाक पाण्याबाहेर उचलून, दरवाजांना वळसा घालून पलीकडे पुन्हा पाण्यात सोडावी लागते. १९४८च्या ईस्टरला डिव्हायझेसच्या चार स्काउट तरुणांनी शंभर तासांच्या आत पोहोचण्याचे आव्हान स्वीकारून हे अंतर ८९ तास ५० मिनिटांत कापले, आणि तिथूनच ही शर्यत सुरू झाली. मला यातली आवडती गोष्ट अशी की थेम्सच्या या वाटेवर हेन्ली लागते. म्हणजे सुमारे साडेचार महिन्यांनी फ्रेड्रिक्सनने ज्या पाण्यावर सुवर्ण मिळवले, त्याच पाण्यावरून हे स्काउट सामानासकट आधीच जाऊन आले होते. १९७९ साली ब्रायन ग्रीनहॅम आणि टिम कॉर्निश यांनी ही वाट १५ तास ३४ मिनिटांत पार केली. लॉकवरची सगळी पायपीट धरूनही हा सरासरी वेग ताशी १२.९ किलोमीटर पडतो, तर ग्र्युनाऊला क्रेब्सचा वेग ताशी १३ होता. के-टू वेगवान असते आणि नदीचा प्रवाहही मदतीला असतो हे मान्य करूनही हा आकडा मी दोनदा तपासला.

दक्षिण आफ्रिकेतील डुसी शर्यतीचा नकाशा त्यानंतर. पीटरमारित्झबर्ग ते डर्बन ही सुमारे १२० किलोमीटरची वाट म्सुंदुझी आणि उम्गेनी या नद्यांवरून जाते. आपल्याकडे पीटरमारित्झबर्ग ठाऊक आहे ते १८९३ साली गांधीजींना तेथे आगगाडीतून उतरवले म्हणून. पहिली शर्यत २२ डिसेंबर १९५१ रोजी निघाली. आठ जण पाण्यात उतरले आणि एकटा इयन प्लेयर पोहोचला, तोही वाटेत साप चावलेला असताना, ६ दिवस ८ तास १५ मिनिटांनी. पुढे पांढऱ्या गेंड्यांना वाचवण्याच्या कामासाठी प्रसिद्ध झालेला तो हाच. येथे दुसरा आणि तिसरा क्रमांकच नसल्यामुळे अंतिम रेषेची पट्टी काढता येत नाही, म्हणून त्याऐवजी नदीच्या उताराचा उभा छेद काढायला घेतला आहे : आडव्या अक्षावर किलोमीटर, उभ्या अक्षावर समुद्रसपाटीपासूनची उंची, आणि जिथे कयाक खांद्यावर घेऊन डोंगर चढावा लागतो, तेवढा भाग तुटक रेषेने.